विश्लेषण : वैमानिक व्हायचे आहे, मग जुना आजार सांगायचा की लपवायचा?

सिकलसेलचा अहवाल, लहानपणी आलेले झटके, दमा, नैराश्यावरचे उपचार... वैद्यकीय अर्जात काय लिहावे लागते? लिहिल्याने काय होते आणि न लिहिल्याने काय होऊ शकते?

चंद्रपूरजवळच्या मोरवा धावपट्टीवर वैमानिक प्रशिक्षणाची चर्चा सुरू झाली, तेव्हापासून ऊर्जानगर, दुर्गापूर, बल्लारपूर या पट्ट्यातील घरांत बारावी विज्ञाननंतरचा एक नवा पर्याय बोलला जाऊ लागला आहे. नागपुरात सोनेगावला फ्लाइंग क्लब आहे, गोंदियाजवळ बिरसी विमानतळावर प्रशिक्षण संस्था आहे. त्यामुळे वैमानिक होणे हे आता फक्त मुंबई-पुण्याच्या मुलांचे स्वप्न राहिलेले नाही. शुल्क किती, कर्ज मिळते का, गणित किती लागते हे प्रश्न पालक मोकळेपणाने विचारतात. एक प्रश्न मात्र हळू आवाजात येतो. मुलाला लहानपणी एकदा झटका आला होता, किंवा मुलीच्या सिकलसेल तपासणीत ‘वाहक’ असा शेरा आहे, हे अर्जात लिहायचे का? ओळखीतल्या कुणाचे तरी उत्तर तयार असते : ‘लिहू नका, कोण तपासायला बसले आहे?’ हा सल्ला किती धोक्याचा आहे, ते समजून घेण्यासाठी आधी नियम पाहावे लागतात.

वैद्यकीय तपासणी कोणती आणि कधी?

देशातील वैमानिकांचे परवाने नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे ‘डीजीसीए’, देते. प्रशिक्षणार्थी आणि खासगी वैमानिकाला ‘क्लास टू’ वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. व्यावसायिक परवान्यासाठी, म्हणजे विमान कंपनीत नोकरी करायची असेल तर, ‘क्लास वन’ अनिवार्य आहे. क्लास टू डीजीसीएच्या यादीतील डॉक्टरांकडून मिळते. पहिली क्लास वन तपासणी मात्र ठरावीक केंद्रांतच होते. हवाई दलाची दिल्ली आणि बंगळूरु येथील केंद्रे हे काम पूर्वीपासून करतात, मान्यताप्राप्त नागरी केंद्रांची त्यात भर पडली आहे.

ही तपासणी एकदाच होऊन संपत नाही. नोकरी लागल्यावरही ठरावीक मुदतीने ती होत राहते आणि वयानुसार ही मुदत कमीही होते. प्रत्येक वेळी जुन्या आजारांविषयी पुन्हा विचारले जाते. म्हणजे विसाव्या वर्षी दिलेले उत्तर चाळिसाव्या वर्षीच्या उत्तराशी जुळावे लागते. पहिला अर्ज ही पुढच्या सगळ्या नोंदींची पायाभूत नोंद ठरते.

अर्जात काय विचारतात?

प्रश्न साधारण सगळ्या देशांत सारखेच आहेत. रुग्णालयात दाखल झाला होता का, शस्त्रक्रिया झाली का, डोक्याला मार लागला होता का, बेशुद्धी वा झटके आले होते का, दमा, क्षयरोग, मधुमेह, हृदयविकार, मानसिक आजार होता का, सध्या कोणते औषध चालू आहे, घरात कुणाला कोणता आजार आहे, हे सगळे त्यात येते. याआधी कुठे वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरवले होते का, हाही प्रश्न असतो. उत्तराखाली उमेदवाराची सही असते.

या सहीला वजन आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे ‘आयकाओ’, वैमानिक परवान्यांसाठी जगभराचे मानदंड ठरवते. उमेदवाराने खोटी माहिती दिल्याचे आढळल्यास ती परवाना देणाऱ्या यंत्रणेला कळवली पाहिजे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. भारतात १९३७ च्या विमान नियमांतील नियम १९ नुसार, माहिती दडवून किंवा चुकीच्या माहितीच्या आधारे मिळवलेला परवाना निलंबित वा रद्द करता येतो. १९३४ च्या जुन्या कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली. कायदा बदलला, पण माहिती दडवण्याला सूट मिळालेली नाही.

जुना आजार म्हणजे कायमचे अपात्र?

सर्वांत मोठा गैरसमज हाच आहे. अर्जात ‘हो’ वर खूण केली की स्वप्न संपले, असे मानले जाते. प्रत्यक्षात तपासणीचा निकाल ‘पात्र’ आणि ‘अपात्र’ एवढ्या दोनच रकान्यांत बसत नाही. तात्पुरते अपात्र ठरवून काही आठवड्यांनी वा महिन्यांनी पुन्हा बोलावले जाते, जादा तपासण्या वा तज्ज्ञाचा अहवाल मागितला जातो, काही अटी घालून प्रमाणपत्र दिले जाते. निकाल मान्य नसेल तर अपिलाची सोय आहे. एखादा मानदंड पूर्ण होत नसला तरी तज्ज्ञांच्या मते उड्डाणाच्या सुरक्षेला धोका नसेल तर प्रमाणपत्र देता येते, अशी लवचीकता आयकाओच्या नियमांतच आहे.

वैमानिकी वैद्यकशास्त्राला उमेदवार पूर्वी आजारी होता का, एवढ्यात रस नसतो. उड्डाण सुरू असताना त्याला अचानक काही होऊन तो निकामी होईल का, हा त्यांचा खरा प्रश्न असतो. लहानपणी झालेला मलेरिया, बरे झालेले हाड, वर्षांपूर्वी काढलेले अपेंडिक्स यांतून तो धोका सहसा उरत नाही. अचानक शुद्ध हरपू शकते अशा विकारांत तो उरतो. म्हणून आजाराच्या नावापेक्षा त्याचा पूर्ण इतिहास महत्त्वाचा ठरतो आणि तो इतिहास उमेदवाराने सांगितल्याशिवाय डॉक्टरला कळत नाही.

सिकलसेलचे काय?

चंद्रपूर-गडचिरोलीसाठी हा प्रश्न कळीचा आहे. इथल्या आदिवासी आणि अनुसूचित जातींच्या अनेक कुटुंबांत सिकलसेलचे जनुक आढळते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे. त्यामुळे आज शाळा-महाविद्यालयांत असलेल्या अनेक मुलांकडे आपल्या स्थितीची लेखी नोंद आहे. त्यांच्या आई-वडिलांच्या पिढीकडे ती नव्हती.

इथे ‘एएस’ आणि ‘एसएस’ यांतला फरक लक्षात घ्यावा लागतो. एएस म्हणजे वाहक. त्याच्यात सिकलचे एकच जनुक असते आणि बहुतेक वाहक सामान्य आयुष्य जगतात. एसएस म्हणजे प्रत्यक्ष सिकलसेलग्रस्त. प्राणवायू कमी पडला की त्याच्या रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, रक्तवाहिन्या तुंबतात आणि तीव्र वेदनांचा झटका येतो. प्रवासी विमानाच्या केबिनमधला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या दाबाइतका असतो. तिथे प्राणवायू जमिनीपेक्षा कमी मिळतो. त्यामुळे एसएस रुग्णासाठी वैमानिकाची जागा धोक्याची ठरते. युरोपीय नियमांतही असे उमेदवार अपात्र मानले जातात. वाहकांना मात्र शरीर पूर्ण कार्यक्षम असल्यास तिथे पात्र ठरवता येते.

हा फरक जगालाही उशिराच उमगला. अमेरिकी हवाई दलाच्या अकादमीने १९८१ पर्यंत सिकलसेल वाहकांना प्रवेश नाकारला होता. वाहक आणि रुग्ण यांना एकाच मापाने मोजण्याची ही चूक मुख्यत्वे कृष्णवर्णीय तरुणांना भोवली. आपल्याकडे तशी गल्लत टाळायची तर उमेदवाराने ‘सिकलसेल आहे’ किंवा ‘काही नाही’ असे मोघम सांगून चालणार नाही. एएस की एसएस हे स्पष्ट करणारा हिमोग्लोबिनचा अहवाल सोबत हवा. वाहकाने ही माहिती लपवली तर साध्या नोंदीचे रूपांतर खोट्या घोषणेत होते. इथे आजारापेक्षा लपवणेच महाग पडते.

दमा, क्षयरोग, झटके आणि चष्मा?

चंद्रपूर महाऔष्णिक वीज केंद्राची स्थापित क्षमता २,९२० मेगावॉट आहे. भोवती कोळसा खाणी आणि सिमेंट कारखाने आहेत. २००९ च्या केंद्रीय मूल्यांकनात चंद्रपूर देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत मोडले होते. श्वसनाच्या तक्रारी इथे घरोघरी ऐकू येतात. आयकाओच्या मानदंडानुसार लक्षणीय त्रास देणारा किंवा तसा त्रास होण्याची शक्यता असलेला दमा अडसर ठरतो, आणि त्यावरचे औषधही उड्डाणाला चालणारे असावे लागते. लहानपणी पंप घ्यावा लागायचा, पण वर्षानुवर्षे त्रास नाही, अशा उमेदवाराला फुप्फुसांच्या कार्यक्षमतेची चाचणी आणि छातीरोगतज्ज्ञाचा अहवाल उपयोगी पडतो.

क्षयरोगाबाबत हे मानदंड आणखी स्पष्ट आहेत. फुप्फुसाचा सक्रिय क्षयरोग असेल तर उमेदवार अपात्र ठरतो, बऱ्या झालेल्या जुन्या खुणा असतील तर पात्र ठरवता येते. एक्स-रेमध्ये जुना डाग दिसणारच असतो. उपचार पूर्ण केल्याचा कागद असेल तर त्या डागाचा खुलासा होतो. तो नसेल आणि अर्जातही उल्लेख नसेल, तर डॉक्टरला संशय येणे स्वाभाविक आहे.

झटक्यांचा विषय नाजूक आहे. अपस्मार, म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार, हे अपात्रतेचे ठळक कारण आहे. पण तापात येणारे लहानपणचे झटके वेगळे. अमेरिकेत वयाच्या पाचव्या वर्षाआधी तापात आलेले, पुन्हा न उद्भवलेले आणि तीन वर्षे औषधाशिवाय गेलेले झटके असतील तर तपासणारा डॉक्टर प्रमाणपत्र देऊ शकतो. दोहोंतला फरक सिद्ध करायला तेव्हाचे डिस्चार्ज कार्ड लागते आणि अनेक घरांत नेमके तेच हरवलेले असते.

चष्म्याची भीती तर बहुतांशी अनाठायी आहे. चष्मा लावून प्रत्येक डोळ्याची दृष्टी ६/९ आणि दोन्ही डोळ्यांची मिळून ६/६ असेल, तर दूरच्या दृष्टीचा आयकाओचा मानदंड पूर्ण होतो. रंगांधळेपणाकडे मात्र दुर्लक्ष होते. तो जन्मजात असतो आणि अनेकांना थेट तपासणीच्या खुर्चीतच कळतो.

मानसिक आजाराचा प्रश्न सर्वांत अवघड का?

इथे भीतीला आधार आहे. नैराश्यावर औषध चालू असलेला उमेदवार अपात्र समजावा, आणि वैद्यकीय मूल्यांकनकर्त्याने संपूर्ण तपशील पाहून धोका नसल्याचे मत दिले तरच अपवाद करावा, अशी आयकाओची शिफारस आहे. अमेरिकेने २०१० मध्ये नैराश्यावरील चार औषधांना देखरेखीच्या अटीवर परवानगी दिली. त्याआधी तिथे औषध घेणे म्हणजे उड्डाण थांबवणे, असेच समीकरण होते.

लपवण्याची सर्वांत भयंकर किंमत २४ मार्च २०१५ रोजी दिसली. जर्मनविंग्जच्या सहवैमानिकाने फ्रान्समधील आल्प्स पर्वतात विमान मुद्दाम कोसळवले, त्यात १५० जणांचा मृत्यू झाला. त्याला आधी नैराश्य येऊन गेल्याचे यंत्रणेला ठाऊक होते आणि २००९ मध्ये त्याला अटीसह प्रमाणपत्र मिळाले होते. त्रास पुन्हा सुरू झाल्यावर मात्र त्याने कंपनीला कळवले नाही. त्याला तपासणाऱ्या डॉक्टरांकडूनही ती माहिती यंत्रणेपर्यंत गेली नाही. उड्डाणाचा हक्क गमावण्याची भीती आणि त्यातून होणारे आर्थिक नुकसान, ही न सांगण्यामागची कारणे असू शकतात, असे फ्रेंच तपास अहवालाने नोंदवले.

दुसरे उदाहरण विद्यार्थ्यांच्या जवळचे आहे. २०२१ मध्ये अमेरिकेतील नॉर्थ डकोटा विद्यापीठाच्या १९ वर्षांच्या प्रशिक्षणार्थी वैमानिकाने जीव दिला. मदत मागितली तर वैद्यकीय प्रमाणपत्र जाईल, ही भीती त्याला होती. या मृत्यूनंतर वैमानिकांच्या मानसिक आरोग्याचे नियम बदलण्याची मागणी तिथे जोर धरू लागली.

लपवलेले खरोखर उघड होते का?

२०२३ मध्ये अमेरिकेत सुमारे ४,८०० वैमानिकांची चौकशी सुरू असल्याचे समोर आले. हे माजी सैनिक होते. एका सरकारी खात्याकडून ते आजारपणाचा भत्ता घेत होते आणि विमान वाहतूक खात्याच्या अर्जात मात्र त्या आजारांचा उल्लेख नव्हता. दोन खात्यांच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्यावर ही तफावत दिसली. अनेकांची प्रकरणे कागदपत्रे दुरुस्त करून मिटली, काहींना उड्डाण थांबवावे लागले.

भारतातही विमा दावे, रुग्णालयांच्या संगणकीय नोंदी, सिकलसेल तपासणीची नोंद, असा माग सगळीकडे राहतो. आज कुणी ताडून पाहिले नाही म्हणून दहा वर्षांनी पाहणार नाही, असे धरता येत नाही. आणि तेव्हा पणाला लागते ती केवळ प्रवेशाची संधी नसते. हाती आलेला परवाना, नोकरी आणि डोक्यावरचे कर्ज, सगळे एकदम पणाला लागते.

मग लोक लपवतात का?

सांगण्याची किंमत लगेच आणि नक्की मोजावी लागते, लपवण्याची किंमत पुढे कधी तरी, कदाचित, मोजावी लागते. माणूस अशा वेळी काय निवडतो, हे अमेरिकेतील ३,७६५ वैमानिकांच्या एका सर्वेक्षणात दिसले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या सर्वेक्षणात ५६ टक्के वैमानिकांनी प्रमाणपत्र जाण्याच्या भीतीने वैद्यकीय मदत टाळल्याचे मान्य केले. जवळपास २७ टक्क्यांनी अर्जात माहिती दडवल्याचे वा चुकीची दिल्याचे सांगितले. फक्त कडक नियम केले की लोक खरे बोलतील, हा समज या आकड्यांपुढे टिकत नाही.

आपल्या भागात त्यात आणखी एक गोष्ट मिसळते. सोयरीक जुळवताना सिकलसेलचे नाव काढायचे नाही, मानसोपचार घ्यायचे तर गावापासून दूर नागपूरला जायचे, ही सवय मुले घरातच शिकतात. वैद्यकीय अर्ज भरताना तीच सवय पेनात उतरते. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात संच ट्रिप झाला की वेळ आणि कारणासह त्याची नोंद होते. ती झाली नाही तर पुढचा बिघाड शोधता येत नाही, हे इथल्या घरांतील कर्त्या माणसांना सांगावे लागत नाही. शरीराच्या नोंदींना मात्र आपण तो न्याय देत नाही.

भारतात काय बदलते आहे?

फेब्रुवारी २०२३ मध्ये डीजीसीएने वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रकांच्या मानसिक आरोग्याबाबत वैद्यकीय परिपत्रक काढले. नियमित तपासणीतच मानसिक आरोग्याचे मूल्यमापन, कंपन्यांनी द्यायचे स्वतंत्र प्रशिक्षण आणि सहकाऱ्यांच्या आधारगटाची व्यवस्था यांवर त्यात भर आहे. आधारगटाची कल्पना अशी की वैमानिकाने पहिल्यांदा बोलायचे ते यंत्रणेशी नव्हे, तर प्रशिक्षित सहकाऱ्याशी. युरोपने जर्मनविंग्जनंतर हाच मार्ग घेतला आणि असे गट विमान कंपन्यांना बंधनकारक केले.

१२ जून २०२५ च्या अहमदाबाद विमान दुर्घटनेने हा विषय पुन्हा ऐरणीवर आणला. अपघातानंतर चार दिवसांनी, १६ जूनला, एअर इंडियाच्या ११२ वैमानिकांनी आजारी असल्याचे कळवले, अशी माहिती केंद्रीय नागरी विमान वाहतूक राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनी लोकसभेत दिली. त्यात ५१ कमांडर आणि ६१ सहवैमानिक होते. याच काळात मृत वैमानिकांच्या मनःस्थितीविषयी समाजमाध्यमांवर आणि काही वाहिन्यांवर तर्कवितर्क रंगले. प्राथमिक अहवालाने अपघाताचे कारण निश्चित केलेले नसताना हे झाले. वैमानिकाचा वैद्यकीय इतिहास असा चव्हाट्यावर येणार असेल, तर उद्याचा उमेदवार अर्जात खरे लिहायला आणखी कचरेल. गोपनीयतेची हमी ही उमेदवारावरची मेहेरबानी नाही. तिच्यावर विमानातील प्रवाशांची सुरक्षितताही अवलंबून आहे.

चंद्रपूर-गडचिरोलीतील कुटुंबांनी काय करावे?

पहिली गोष्ट क्रमाची. वैमानिक प्रशिक्षणाचा खर्च अनेक लाखांत जातो आणि त्यासाठी घर वा शेती गहाण पडते. म्हणून कर्ज आणि प्रवेश यांच्या आधी क्लास वन तपासणी करून घ्यावी. फक्त क्लास टूच्या भरवशावर मोठी रक्कम भरू नये. अडचण निघालीच तर ती काही हजारांत कळते, अर्धे प्रशिक्षण झाल्यावर नाही.

दुसरी गोष्ट कागदांची. डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेचा अहवाल, क्षयरोगाचे उपचार पूर्ण झाल्याचा दाखला, सिकलसेलचा एएस-एसएस अहवाल, उपचार करणाऱ्या तज्ज्ञाचे ताजे मत, हे सारे एका फाइलमध्ये लावावे. जुनी नोंद हरवली असेल तर रुग्णालयातून प्रत मिळते का, ते आधी पाहावे. शंका असेल तर अर्ज भरण्यापूर्वी डीजीसीएच्या यादीतील डॉक्टरचा सल्ला घ्यावा. तपासणीत ‘स्वच्छ’ दिसावे म्हणून चालू औषध मनाने बंद करणे हा तर थेट जिवाशी खेळ आहे.

तिसरी गोष्ट उत्तरांची. थोडक्यात, खरे आणि प्रत्येक वेळी तेच लिहावे. भरलेल्या अर्जाची प्रत जपून ठेवावी. आजार आठवत नसेल तर आई-वडिलांना विचारावे, कारण पाच वर्षांआधीचे झटके मुलाला आठवत नाहीत, आईला आठवतात.

खरे सांगूनही काहींना ‘नाही’ ऐकावे लागेल, हे नाकारण्यात अर्थ नाही. एसएस असलेल्या किंवा अपस्मार असलेल्या मुलासाठी वैमानिकाची जागा बंदच राहील आणि त्याचे दुःख मोठे आहे. पण विमान वाहतुकीत विमान देखभाल अभियंत्यापासून उड्डाण नियोजकापर्यंत आणखी कामे आहेत. त्यांकडे बारावीनंतर वळणे आणि सत्तावीसाव्या वर्षी परवाना रद्द झाल्यावर वळणे, यांत मधली सगळी वर्षे आणि घरच्यांनी काढलेले कर्ज उभे असते.